भिशी, खाडा आणि वजनाचा काटा

भिशीत घातलेला पैसा आपलाच असतो, त्यावर व्याज मिळत नाही, आणि निव्वळ हिशेब मांडला तर बँकेतले आवर्ती ठेवीचे खाते तिच्यापेक्षा केव्हाही सरस ठरते. तरीही जिला घरखर्चातून दरमहा हजार रुपये बाजूला काढणे वर्षानुवर्षे जमले नाही, ती गृहिणी भिशीचे हजार रुपये मात्र ठरलेल्या तारखेला न चुकता नेऊन देते. तिथे बाकीच्या अकरा जणी जमलेल्या असतात, त्या महिन्यात जिचा नंबर लागला आहे तिला पूर्ण रक्कम मिळायची असते आणि आपला खाडा सर्वांना दिसणार असतो. भिशीच्या दिवशी तिची इच्छाशक्ती अचानक वाढते असे नाही. तिच्याभोवतीची व्यवस्थाच अशी असते की त्या दिवशी इच्छाशक्तीची फारशी गरज पडत नाही. वजन कमी करू पाहणाऱ्यांनी गट करून एकमेकांना साथ देण्यामागे हेच तत्त्व आहे, आणि ते लक्षात न घेता केलेला गट महिनाभर उत्साहात चालतो व नंतर त्यावर फक्त सुप्रभातीचे संदेश उरतात.

मुळात उत्साह का ओसरतो, हे आधी पाहायला हवे. खाणे कमी केल्यावर पहिल्या आठवड्यात काटा पुष्कळदा एक-दोन किलोंनी खाली येतो आणि माणूस हरखून जातो. परंतु त्यात चरबीचा वाटा थोडा असतो. शरीर यकृतात आणि स्नायूंमध्ये ग्लायकोजेन नावाच्या रूपात साखरेचा साठा ठेवते, आणि त्या साठ्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी धरलेले असते. अन्न कमी पडू लागले की आधी हा साठा खर्च होतो, त्याच्याबरोबरचे पाणी निघून जाते आणि काटा झपाट्याने उतरतो. हे पाणी निघून गेल्यावर खऱ्या अर्थाने चरबी घटण्याचा संथ काळ सुरू होतो, आणि ज्याला पहिल्या आठवड्याच्या वेगाची सवय लागली आहे त्याला वाटते की आपले काहीतरी चुकते आहे.

पुढची अडचण याहून मोठी आहे. वजन घटले की शरीराला विश्रांतीच्या अवस्थेत लागणारी ऊर्जा कमी होते आणि भूक मात्र वाढते. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ५० स्थूल व्यक्तींना १० आठवडे अत्यंत कमी उष्मांकांचा आहार देण्यात आला, आणि त्यानंतर एक वर्ष उलटले तरी भूक वाढवणारी व तृप्ती कमी करणारी संप्रेरके मूळ पातळीवर परतलेली नव्हती. अमेरिकेतील दूरचित्रवाणीवर वजन घटवण्याची एक स्पर्धा गाजली होती. तिच्यातील १४ स्पर्धकांची सहा वर्षांनंतर तपासणी केली असता, त्यांनी सरासरी ५८ किलो घटवले होते त्यांपैकी ४१ किलो परत आले होते, आणि त्यांचे शरीर विश्रांतीत त्यांच्या आकारमानावरून अपेक्षित असते त्यापेक्षा दिवसाला सुमारे ५०० उष्मांक कमी खर्च करत होते. ही स्पर्धा अर्थातच टोकाची होती आणि सामान्य माणसाची घट इतकी वेगवान नसते. दिशा मात्र तीच असते. जसजसे दिवस जातात तसतसे कष्ट वाढतात आणि काट्यावर दिसणारे फळ कमी होत जाते. अशा वेळी एखाद्याने सोडून दिले तर आपण त्याला आळशी ठरवतो, पण वस्तुस्थिती अशी आहे की बक्षीस आटत चाललेल्या कामात एकट्याने टिकून राहणे कोणालाच सोपे जात नाही. गटाची खरी गरज इथे लागते. सुरुवातीला तो नसला तरी चालतो.

ही गोष्ट डॉक्टरांच्या आधी दोन अमेरिकी गृहिणींना उमगली होती. १९४८ मध्ये मिलवॉकी शहरातील एस्थर मान्झ यांनी आपल्या स्वयंपाकघरात मैत्रिणींना जमवून एक वजनगट सुरू केला. पुढे १९६१ मध्ये न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहणाऱ्या जीन नायडेच यांनी तसेच काहीसे केले, आणि त्यांची हकीकत अधिक बोलकी आहे. त्यांचे वजन सुमारे ९७ किलो होते. शहराच्या आरोग्य मंडळाच्या स्थूलता केंद्राने त्यांना एक आहार आखून दिला होता आणि त्यांचे वजन उतरूही लागले होते. परंतु घरी त्या लपवून बिस्किटे खात आणि केंद्रातील मार्गदर्शक बाईंना ते सांगण्याचे धैर्य त्यांना होत नसे. अखेर त्यांनी आपल्यासारख्याच स्थूल असलेल्या सहा मैत्रिणींना घरी बोलावले आणि त्या बिस्किटांची कबुली त्यांच्यासमोर दिली. मैत्रिणींनीही आपापल्या कबुल्या दिल्या आणि मग दर आठवड्याला भेटायचे ठरले. १९६२ च्या अखेरीपर्यंत नायडेच यांचे वजन ६४ किलोंच्या आसपास आले, आणि १९६३ मध्ये वेट वॉचर्स ही कंपनी उभी राहिली. केंद्रातला आहार आणि मैत्रिणींच्या बैठकीतला आहार एकच होता, हे इथे विशेष लक्षात घ्यायला हवे. काय खावे हे त्यांना आधीपासून ठाऊक होते. फरक पडला तो कबुली द्यायला योग्य जागा मिळाल्याने.

आपल्याकडेही बहुतेकांना काय खाऊ नये याची माहिती पुरेशी असते. वडा तळलेला असतो हे कोणालाही नव्याने सांगावे लागत नाही. अडते ते वडा खाऊन झाल्यानंतरच्या क्षणापाशी. एकादशीचा उपास चुकून मोडला की 'आता मोडलाच आहे तर नीट जेवूनच घेऊ' असे जे म्हटले जाते, तेच आहाराच्या बाबतीत घडते. सकाळी ऑफिसात कोणाच्या तरी वाढदिवसाचा केक खाल्ला की संपूर्ण दिवस गेला असे धरून माणूस संध्याकाळी शेवपुरी खातो, आणि दिवस गेलाच आहे तर आठवडाही सोमवारपासूनच सुरू करावा असे ठरवतो. त्या केकने वजन वाढत नाही, त्याच्यामागून येणाऱ्या चार दिवसांनी वाढते. गटात ज्याला गुरुवारी संध्याकाळी सर्वांना भेटायचे आहे, त्याच्यासाठी सोमवारपर्यंत थांबण्याची ही वाट आपोआप अरुंद होते. शिवाय त्या बैठकीत आणखी दोघांनी केक खाल्लेला असतो आणि त्यांतल्या एकीने रात्री साधे वरण-भात खाऊन दिवस सावरलेला असतो. तिचे ऐकताना जे शिकायला मिळते ते आहाराच्या कोणत्याही तक्त्यात लिहिलेले नसते.

गटाचा उपयोग खरोखर मोजता येतो का, हा प्रश्न रास्त आहे. १९९९ मध्ये रीना विंग आणि रॉबर्ट जेफरी या अमेरिकी संशोधकांनी १६६ जणांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात काही जण एकटे आले होते आणि काहींनी प्रत्येकी तीन मित्र किंवा नातेवाईक सोबत आणले होते; दोन्ही प्रकारच्या लोकांपैकी काहींना नेहमीचे मार्गदर्शन मिळाले, तर काहींना त्याखेरीज एकमेकांना साथ देण्याचे शिक्षण आणि गटागटांतील चढाओढ यांची जोड मिळाली. एकटे येऊन नेहमीचे मार्गदर्शन घेणाऱ्यांपैकी ७६ टक्के लोक कार्यक्रम संपेपर्यंत टिकले आणि घटवलेले वजन चौथ्या ते दहाव्या महिन्यादरम्यान पूर्णपणे राखणारे २४ टक्केच निघाले. मित्रांसह आलेल्या आणि साथीचे शिक्षणही मिळालेल्यांमध्ये ही प्रमाणे अनुक्रमे ९५ आणि ६६ टक्के होती. मात्र हे आकडे वाचताना एक सावधगिरी बाळगावी लागते: कोणी मित्रांसह यावे आणि कोणी एकटे, हे चिठ्ठ्या टाकून ठरलेले नव्हते, आणि ज्याला सोबत यायला तयार असलेली तीन माणसे मिळतात त्याचे आयुष्य कदाचित आधीच थोडे अधिक अनुकूल असते.

गट किती काळ चालावा याचे उत्तर इंग्लंडमधील १,२६७ लोकांवरील आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीतून मिळते, आणि तिथे विभागणी चिठ्ठ्या टाकल्यासारखी, म्हणजे यादृच्छिक पद्धतीनेच झाली होती. काहींना स्वतःच्या बळावर वजन कमी करण्याची पुस्तिका आणि थोडा सल्ला, काहींना १२ आठवडे गटाच्या साप्ताहिक बैठका, आणि काहींना त्याच बैठका पूर्ण ५२ आठवडे असे तीन प्रकार होते. वर्षअखेर त्यांची सरासरी घट अनुक्रमे ३.२६, ४.७५ आणि ६.७६ किलो भरली. दोन वर्षांनी ती २.३०, ३.०० आणि ४.२९ किलो उरली. म्हणजे थोडे वजन सर्वांचेच परत आले, पण वर्षभर भेटत राहिलेल्यांच्या हाती अधिक राहिले. तीन महिन्यांचे 'चॅलेंज' संपले की निरोप समारंभ करणाऱ्या आपल्याकडच्या मंडळींनी ही दुसऱ्या वर्षाची ओळ पुन्हा एकदा वाचावी, असे मला वाटते.

भिशीशी सर्वांत जवळचा प्रयोग फिलाडेल्फियात एका रुग्णालयाच्या १०५ कर्मचाऱ्यांवर झाला. काहींना दरमहा उद्दिष्ट गाठल्यास प्रत्येकी १०० डॉलर देण्याचे ठरले, तर काहींचे पाच-पाच जणांचे गट करून दरमहा ५०० डॉलर उद्दिष्ट गाठणाऱ्यांमध्येच वाटून टाकायचे ठरले. २४ आठवड्यांनंतर पैसे न मिळालेल्यांची सरासरी घट ०.५ किलो, एकेकट्याने कमावणाऱ्यांची १.७ किलो आणि गटातल्यांची ४.८ किलो होती. फरक लक्षणीय असला तरी या मांडणीत एक बारीक काटा आहे. शेजारच्याला अपयश आले की आपला वाटा वाढतो, आणि तशी व्यवस्था सोसायटीतल्या मैत्रिणींमध्ये आणली तर वजनाआधी मैत्री घटण्याची शक्यता अधिक. पैजच लावायची असेल तर सगळ्यांनी मिळून एक आकडा गाठल्यावर सगळ्यांनी एकत्र सहलीला जावे, अशी बरी.

गट केला म्हणजे सर्व साधते असेही नाही. केरळमध्ये तिरुवनंतपुरम जिल्ह्यात मधुमेहाचा धोका असलेल्या १,००७ लोकांवर मोठा प्रयोग झाला, ज्यात गावातल्याच प्रशिक्षित सदस्यांनी गट चालवले. दोन वर्षांनी गटांतील १४.९ टक्के लोकांना आणि गटात नसलेल्यांपैकी १७.१ टक्के लोकांना मधुमेह झालेला आढळला, परंतु हा फरक योगायोगाचा नाही असे संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठामपणे म्हणता येत नव्हते. फळे-भाज्यांचे सेवन वाढले, मद्यपान कमी झाले, हे फायदे दिसले. गटाकडून इतपतच अपेक्षा ठेवावी. गट सवयींना धरून ठेवतो. शरीर त्याला किती दाद देईल हे अन्य अनेक गोष्टींवर ठरते.

संगत दोन्ही दिशांनी ओढते, हेही विसरून चालत नाही. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम गावाशी निगडित १२,०६७ लोकांच्या १९७१ ते २००३ या काळातील नोंदी तपासून निकोलस ख्रिस्टाकिस आणि जेम्स फाउलर यांनी २००७ मध्ये दाखवले की एखाद्याचा मित्र स्थूल झाला तर तो स्वतः स्थूल होण्याची शक्यता ५७ टक्क्यांनी वाढते. सारख्या आवडीची माणसे मुळातच एकत्र येतात, त्यामुळे यातले किती संगतीने घडते यावर नंतर बराच वाद झाला. पुण्यात पहाटे टेकडी चढून उतरल्यावर मिसळीच्या दुकानात जमणारे कट्टे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या वादाची दुसरी बाजू ठाऊक असते: अर्ध्या तासाच्या चालण्यात साधारण दीडशे उष्मांक खर्च होतात आणि दोन पावांसह मिसळीची एक प्लेट त्याच्या कितीतरी वर जाते. तो कट्टाही गटच असतो आणि तोही न चुकता भरतो.

घरातला गट याहून प्रभावी, कारण त्याची सदस्यता कोणी मागितलेली नसते. आपल्या घरांत स्वयंपाक करणारी व्यक्ती बहुधा एकच असते, तिने स्वतःसाठी वेगळे करावे अशी सोय नसते, आणि सर्वांची जेवणे झाल्यावर पातेल्यात उरलेला भात वाया जाऊ नये म्हणून तो तिच्याच पोटात जातो. पंगतीतला आग्रह तर संस्कारच मानला जातो. 'एक तरी घ्याच' याला नकार देणाऱ्याला यजमानाच्या प्रेमाचाच अव्हेर केल्यासारखे होते. यावर सर्वांनी डाएट करावे असा हट्ट धरण्यापेक्षा घरच्यांकडून एकेक नेमकी गोष्ट मागून घेणे जास्त उपयोगी पडते. उदाहरणार्थ, उरलेल्याची जबाबदारी दुसऱ्याने घ्यावी, किंवा संध्याकाळी फरसाणाचा डबा टेबलावर न ठेवता वरच्या फळीवर ठेवावा. 'मला साथ द्या' या विनंतीचा अर्थ प्रत्येक जण आपापल्या सोयीने लावतो, डब्याच्या बाबतीत तसा गोंधळ होत नाही.

गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात हे काम मोठ्या प्रमाणावर व्हॉट्सॲपवर गेले. डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी सांगितलेल्या दिवसातून दोनदाच जेवण्याच्या पद्धतीभोवती असे अनेक गट उभे राहिले. त्या पद्धतीबद्दल आहारतज्ज्ञांमध्ये मतभेद आहेत आणि त्यात इथे शिरण्याचे कारण नाही, परंतु ती इतकी पसरण्यात या गटांचा मोठा वाटा होता, हे उघड आहे. ताटाचा फोटो टाकणे, वजनाची नोंद कळवणे, जुन्या सदस्याने नव्याच्या शंका सोडवणे या गोष्टींत खर्च काही नाही आणि उपयोग पुष्कळ आहे. त्यातला दोष असा की फोनवर खाडा दिसत नाही. ज्याचे वजन वाढले तो गट सोडून जात नाही, तो नुसता गप्प होतो, आणि दोनशे जणांच्या गटात एकाचे गप्प होणे कोणाच्या ध्यानातही येत नाही. म्हणून गट सहा ते दहा जणांचाच असावा आणि एखादी आठवड्याच्या भेटीला आली नाही तर त्याच संध्याकाळी तिला कोणी फोन करायचा, हे आधीच ठरलेले असावे.

गट चांगला की वाईट हे ओळखण्याची एक सोपी खूण आहे: वजन वाढलेल्या सदस्याचे तिथे काय होते ते पाहावे. 'काय, दिवाळी जोरात झालेली दिसते' एवढे एकच वाक्य ऐकलेली बाई पुढच्या आठवड्यात येत नाही, आणि लाडू मात्र पूर्वीसारखेच खाते. काटा पडद्याआड असावा, आकडा वहीत जावा आणि बोलणे मात्र आठवड्यात काय जमले व कुठे अडले यावर व्हावे. चालण्याचे दिवस, रात्रीच्या जेवणाची वेळ, बाहेरच्या खाण्याची संख्या या गोष्टी आपल्या हातात असतात, तर काटा दिवसागणिक पाण्याने, मिठाने आणि मासिक पाळीनेही एक-दीड किलो मागेपुढे होतो. किलोंवरून पहिला-दुसरा नंबर काढणे तर टाळावेच, कारण ११० किलोच्या पुरुषाने पाच किलो घटवणे आणि ६२ किलोच्या बाईने घटवणे यांची तुलना होऊ शकत नाही. उद्दिष्ट स्वतःच्या वजनाच्या टक्क्यांत ठेवले की हा प्रश्न मिटतो. अमेरिकेत ३,२३४ लोकांवर झालेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मधुमेह प्रतिबंधाच्या प्रयोगात ७ टक्के घट आणि आठवड्याला १५० मिनिटे व्यायाम एवढेच उद्दिष्ट होते, आणि त्यातून मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. ८० किलोच्या माणसासाठी ७ टक्के म्हणजे साडेपाच किलोंच्या आसपास, त्यासाठी लग्नाच्या फोटोतल्यासारखे दिसावे लागत नाही.

वहीत कमरेच्या घेराचा रकाना अवश्य असावा. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये स्वतःचे आणि आपले ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे छायाचित्र प्रसिद्ध केले होते. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन दाखवणारा आकडा, नेमका २२.३, पण शरीरातील चरबी युडकिन यांच्यात ९.१ टक्के तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. हाडापेराने बारीक दिसणारा भारतीय आतून स्थूल असू शकतो, म्हणूनच आपल्यासाठी बीएमआय २३ च्या पुढे सावध राहावे आणि घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटीमीटरच्या आत असावा असे मानले जाते. नियमित चालणाऱ्याचा काटा थबकला तरी पट्टीवरचा आकडा कधीकधी उतरत राहतो, आणि थबकलेल्या महिन्यात तेवढ्यावर माणूस तग धरतो.

काही ठिकाणी गटापासूनच जपावे लागते. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याने मैत्रिणीला जमले म्हणून जेवणाची एक वेळ गाळली तर रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. औषधाची मात्रा आधी डॉक्टरांकडून ठरवून घेणे तिथे अपरिहार्य आहे. गरोदर स्त्रिया, वाढत्या वयातील मुले आणि खाऊन मुद्दाम उलटी करण्यासारखा त्रास असलेल्या व्यक्ती यांचे स्थान अशा गटात नाही. आणि पहाटे बागेत मोफत वजन करून देणारा जो गट तिसऱ्या भेटीत पावडरचा डबा पुढे करतो, त्याला विक्री केंद्र म्हणून ओळखावे.

राहता राहिला प्रश्न उद्दिष्ट गाठल्यावर काय करायचे याचा. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात आधीच किमान १० टक्के वजन घटवलेल्या ३१४ जणांना १८ महिने तीन पद्धतींनी सांभाळले गेले. केवळ वार्तापत्र मिळालेल्यांपैकी ७२.४ टक्के, इंटरनेटवरून भेटणाऱ्यांपैकी ५४.८ टक्के आणि समोरासमोर भेटणाऱ्यांपैकी ४५.७ टक्के लोकांचे वजन २.३ किलो किंवा त्याहून अधिक वाढले. भेटणाऱ्यांना सिग्नलच्या दिव्यांसारखे तीन रंग दिलेले होते: काटा ठरलेल्या वजनाच्या आसपास असेतो हिरवा, दीड किलोच्या घरात वाढला की पिवळा आणि २.३ किलो वाढला की लाल, ज्यात पुन्हा कसोशीने आहार-व्यायामाला लागायचे. भिशीचा फेरा संपला की त्याच बायका पुढच्या महिन्यापासून नवा फेरा धरतात, फक्त रक्कम बदलते. वजनाच्या गटानेही पहिला फेरा संपल्यावर भेटी आठवड्याऐवजी महिन्यावर आणाव्यात, प्रत्येकीच्या वहीत तिचे तीन रंगांचे आकडे लिहून ठेवावेत, आणि दिवाळीनंतरची पहिली भेट कोणत्या तारखेला हे दिवाळीच्या आधीच ठरवून टाकावे.